थंडीशी जुळवलेले स्नायू उबेत तग धरतील?

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. तिथल्या नोटोथेनिऑइड गटातील माशांचे रक्त गोठत नाही, ते गोठणरोधक प्रथिनांमुळे, हे आपण ऐकलेले असते. त्यांच्या स्नायूंची गोष्ट मात्र कमी परिचित आहे.

स्नायू दोन प्रकारे वाढतो: नवे तंतू तयार होऊन किंवा आहेत ते जाड होऊन. बहुतेक मोठ्या माशांत दोन्ही क्रिया बराच काळ चालतात. या गटाने मात्र तंतूंची संख्या कमी ठेवली आणि जाडी वाढवली. काही जातींत वेगवान हालचालीच्या स्नायूंतील तंतू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या तंतूच्या सुमारे दहापट जाड होतात.

याचा फायदा काय? पेशीच्या आवरणातून सोडियम-पोटॅशियम सतत झिरपत असते आणि ते परत जागेवर आणायला ऊर्जा लागते. तंतू जाड असला की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून खर्चही कमी. तोटा असा, की ऑक्सिजनला तंतूच्या गाभ्यापर्यंत लांब जावे लागते. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि शरीराची गरजही मंद असते, म्हणून हे परवडते. याच गटातल्या आइसफिशच्या रक्तात तर हिमोग्लोबिनच नसते.

पाणी तापले की हा हिशेब उलटतो. ऑक्सिजनची गरज वाढते, पुरवठा घटतो. मॅकमर्डो साउंडमधील काही जाती सुमारे ६ अंशांनाच मरतात, हे १९६७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. लक्षावधी वर्षांत घडलेली रचना काही दशकांत बदलेल, अशी आशा धरता येत नाही.

वेडेल समुद्रात २०२१ मध्ये आइसफिशची सुमारे ६ कोटी घरटी असल्याचा अंदाज आला. तो भाग संरक्षित करण्याचा प्रस्ताव २०१६ पासून आहे. भारताने २०२१ मध्ये त्याला पाठिंबा दिला. पण निर्णयाला सर्व सदस्यांची सहमती लागते आणि रशिया व चीन यांच्या विरोधामुळे तो अडला आहे. संरक्षित क्षेत्र पाणी थंड ठेवू शकणार नाही. पण तापमानाचा ताण सोसणाऱ्या या जिवांवर मासेमारीचा आणखी एक ताण येणार नाही, एवढे तरी त्यातून साधेल. तेही थोडे नाही.