वांग्याचा काय दोष?

सोरायसिस झालेल्या माणसाला मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीत पहिला सल्ला मिळतो तो वांगे सोडण्याचा. मग मासे, मग आंबट. लोकलमध्ये तर सल्लाही नाही, शेजारचा नुसता सरकतो. चौथ्या सीटसाठी घाटकोपरला हातघाईवर येणारी माणसे मनगटावरचा लाल चट्टा आणि त्यावरचे चंदेरी पापुद्रे दिसले की उभ्याने ठाण्यापर्यंत जातात.

हा आजार संसर्गजन्य नाही, हे जागतिक आरोग्य सभेच्या 2014च्या ठरावातही आहे. प्रतिकारयंत्रणाच बिथरते आणि साधारण महिनाभरात बदलणारी कातडी काही दिवसांतच वर येऊ लागते. प्रवृत्ती अनेकदा घराण्यातून येते. भडका उडवायला निमित्त लागते. घशाचा जंतुसंसर्ग, मनाचा ताण, सिगारेट, दारू. पावसाळ्यात मलेरियासाठी घेतलेले क्लोरोक्विन किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणून डॉक्टरला आजार आधी सांगितलेला बरा. खरचटल्या जागी नवा चट्टा उठतो, हे कोबनर या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. अंधेरीच्या पुलावरची धक्काबुक्की आणि खांद्याला घासणारा सॅकचा पट्टा त्याने पाहिला नव्हता, एवढेच. या यादीत वांगे नाही.

स्टेरॉइड मात्र आहे, आणि तेही उलट्या वाटेने. डॉक्टर जपून देतात तेव्हा त्याचे मलम गुणकारीच असते. पण तेच मलम कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने चोळायचे, किंवा खात्रीच्या इलाजाची पुडी म्हणून नकळत पोटात घ्यायचे, आणि बरे वाटले की एका दिवसात बंद करायचे, हा आपला रिवाज. पोटातले स्टेरॉइड असे अचानक तोडले की आजार कधी कधी अंगभर उसळतो, पू भरलेले फोड येतात, रुग्णालय गाठावे लागते. रुग्ण म्हणतो, ‘पथ्य मोडले.’

अशी चौदा स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने 2018 मध्ये चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. नियम आहे, दुकानेही नोंदणीकृत आहेत. अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी साध्या कपड्यांत उपनगरातल्या कुठल्याही स्टेशनबाहेर उतरावे आणि खाजेवर एक ट्यूब मागून पाहावी.