झेंडूची माळ आणि तेलाचा डाग

दसऱ्याला दारातल्या गाडीला झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. त्याच गाडीखाली फरशीवर एक काळा डाग महिनाभर पसरत असतो. दिवाळीत तिथे रांगोळी काढता येत नाही म्हणून गृहिणी कुरकुरते आणि गृहस्थ डागावर एक जुने खोके सरकवून मोकळे होतात. यंत्राची पूजा करायची, पण यंत्राकडे पाहायचे मात्र नाही, असा हा आमचा भक्तिमार्ग!

माझे म्हणणे स्पष्ट आहे. गाडी वापरणाऱ्या सुशिक्षिताला गळतीची बाराखडी येत नसेल, तर ते नुसते अज्ञान नव्हे. मागच्या आसनावर बसलेल्या पोराबाळांविषयीचा तो बेजबाबदारपणा आहे.

ही बाराखडी अवघडही नाही. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरावा, सकाळी पाहावे. वातानुकूलन चालवल्यावर स्वच्छ पाणी ठिपकले, तर ते बहुधा हवेतलेच बाष्प, निश्चिंत असावे. तपकिरी-काळे, बुळबुळीत ते इंजिन ऑइल. हिरवे, गुलाबी वा नारिंगी, गोडसर वासाचे ते कूलंट. ते विषारी असते, म्हणून मुलांना आणि मांजरांना दूर ठेवावे. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर ओल दिसली, तर ब्रेक ऑइलचा संशय घ्यावा आणि गाडी जागची हलवू नये. शिवाय ठिपका पडतो त्याच्या नेमके वरच भोक असते असे नाही. तेल ओघळते, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. म्हणून गार इंजिन पुसून कोरडे करावे, थोडा वेळ चालवावे आणि मग बंद करून सर्वांत वरची ओल शोधावी.

यावर ठरलेले उत्तर येते, “त्यासाठी मेकॅनिक आहे ना?” आहे, डॉक्टरही आहे. पण कुठे दुखते ते रोग्याला सांगावे लागते, आणि गाडीला जीभ नाही.

दुसरे उत्तर असे, की नव्या गाड्यांत दिवे लागतात. लागतात खरे! पण ऑइलचा लाल दिवा सहसा दाब पडल्यावर लागतो. तोवर बेअरिंगे कोरडी पडू लागलेली असतात. ब्रेकचा दिवा टाकीतली पातळी घटल्याचे सांगतो; ब्रेकपॅड झिजले म्हणून घटली की नळी पाझरते म्हणून, ते सांगत नाही. वरून बाटली ओतून दिवा विझवणे म्हणजे थर्मामीटर फोडून ताप उतरला म्हणणे. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. आंबेनळीच्या लांब उतारावर ब्रेक तापले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल नुसतेच खाली जाते. आम्ही मास्तर उत्कलनबिंदूची व्याख्या घोकून घेतो. हा घाट मात्र शिकवत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर पाहा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बोटींची इंजिने उघडली जातात. जाणता तांडेल तळाशी साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की कान टवकारतो. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ झाले, तर त्यात पाणी शिरले हे ओळखतो. कारण समुद्राला रस्त्याची कड नसते. तिथे निष्काळजीपणाची किंमत लगेच मोजावी लागते. आम्हांला ती उधारीवर मिळते, एवढाच फरक.

खरा रोग निराळाच आहे. हात काळे होतील याची आम्हांला लाज वाटते. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना ती वाटली नाही. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ते 1903 साली लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले. त्यांचे पुतळे आम्ही उभारतो आणि मुलाने पाना हाती घेतला, की “अभ्यासाला बस” म्हणून ओरडतो.

या दिवाळीत किल्ला करताना मुलांचे हात मातीने भरतील आणि त्याचे आपण कौतुक करू. सुट्टीतल्या एका सकाळी, गाडीखालचा पुठ्ठा पाहताना, तेच हात तेलाने भरले तर कौतुक का करू नये?