पाणी कुठे जाते?

स्वातंत्र्यदिनाला लागून सुट्टी आली, की बेळगावहून आंबोलीस जाण्याचा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. घाटातील धबधब्यापाशी त्या दिवसांत पाऊल ठेवावयास जागा नसते. म्हणून यंदा आठवीतल्या भाच्याला बरोबर घेऊन मी चौकुळच्या बाजूच्या सड्यावर पायी निघालो.

सडा म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. झाड नाही, आडोसा नाही. मातीचा थर जेमतेम बोटाच्या पेराएवढा. उन्हाळ्यात करपून काळा पडणारा हा खडक पावसाळ्यात मात्र फुलांनी झाकून जातो. गेंदाची पांढरी बोंडे आणि त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले डोलत होती. ही नाजूक वनस्पती कीटकभक्षी आहे, हे ऐकून भाचा थबकला. येथील मातीत नत्र अत्यल्प. ती उणीव ही वनस्पती पाण्यातील सूक्ष्म जीव आपल्या इवल्याशा पिशव्यांत पकडून भरून काढते. मास्तराला श्रोता मिळाला, की वेळेचे भान सुटते. तेवढ्यात दरीतून धुके वर आले आणि दहा पावलांपलीकडचे काही दिसेनासे झाले.

खडकावर पायवाट उमटत नाही. "मामा, मागे फिरायचं का?" भाच्याने हळूच विचारले. मागे फिरावयास मागची वाट तरी ठाऊक हवी! ते कबूल करण्याऐवजी मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "घाबरू नकोस. वाहत्या पाण्यामागून गेलं, की गाव लागतंच." आणि एका ओहोळाच्या कडेने आम्ही चालू लागलो. ओहोळ रुंद झाला, त्याला वेग आला. पुढून येणारी घरघर मला वाऱ्याची वाटली.

इतक्यात मागून जोराची हाळी आली. घोंगडीची खोळ पांघरलेला एक म्हातारा गुराखी धावत येत होता. त्याने आम्हांला जागीच थांबविले. वाऱ्याने धुके क्षणभर फाटले, तेव्हा दिसले की पन्नासएक पावलांवर सडा संपत होता आणि आमचा ओहोळ कड्यावरून खाली कोकणात झेपावत होता.

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, की सड्यावरचे पाणी दोन दिशांना जाते. उगवतीचे गावाकडे, मावळतीचे कड्यावरून खाली. धुके दाटले तर पाण्यामागे न जाता धुके विरळ होईपर्यंत आहे तेथेच बसून राहावे. मग त्याने आम्हांला वाटेला लावून दिले.

आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जाते. त्याच डोंगरमाथ्यावर थोडे पश्चिमेस पडलेला थेंब मात्र अरबी समुद्र गाठतो. 'जलविभाजक' हा शब्द मी फळ्यावर वर्षानुवर्षे लिहीत आलो. त्या दिवशी तो प्रथमच माझ्या पायाखाली होता आणि मला तो ओळखता आला नाही.

परतताना भाच्याला म्हणालो, "माझं चुकलं रे."

"मला वाटलंच होतं, मामा. पण तुम्हांला कसं सांगायचं?"

वाचकहो, कड्याच्या त्या दर्शनापेक्षा हे वाक्य मला अधिक हादरवून गेले. माझ्यासमोर बसून किती मुलांनी अशीच जीभ आवरली असेल! शाळा उघडल्यावर तो पाठ मी नव्याने घेतला आणि आरंभीच सांगितले, की माझे चुकते आहे असे वाटले तर हात वर करा. पहिला हात वर यावयास तीन दिवस लागले.