आपण मूळचे कुठले?

सुट्टीत पाहुणे जमले की घरातले एखादे पोर हमखास विचारते, "दादी, आपण मूळचे कुठले?" दादी म्हणते, "शिरूरचे." "त्याच्या आधी?" दादी गप्प होते. मामू नगरकडच्या एका गावाचे नाव घेतात, चाचा दुसरेच सांगतात आणि तेवढ्यात दस्तरखान लागतो.

शाळेत मात्र हाच प्रश्न वेगळ्या सुरात येतो. "तुम्ही लोक बाहेरून आलात ना?" असे एका मुलाने दुसऱ्याला मधल्या सुट्टीत विचारलेले आम्ही ऐकले. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते, कुठेतरी ऐकलेले तो बोलला. पण ज्याला विचारले, तो त्या दिवशी पुन्हा तोंड उघडेना. त्याच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून या महिन्यात आपल्या शिरूर-दौंडच्या मातीत कोण कधी आले, ते आपण पाहू या.

सुरुवात इनामगावपासून करावी लागेल. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इनामगावचा जो जाडजूड अहवाल 1988 मध्ये छापला गेला, त्यावर या तिघांची नावे आहेत. आपल्या मुलांना अन्सारी साहेबांचे नाव माहीत असायला हवे.

मातीखाली काय निघाले? सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक अख्खे गाव. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास शेतकरी इथे येऊन राहिले. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची चौकोनी घरे, अंगणात चुली, धान्याच्या कणग्या. शेतात जव, मसूर, वाटाणा, हुलगा. गावाच्या मध्यभागी खाऊनपिऊन सुखी शेतकरी आणि पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर. एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे घर असावे आणि कोठारात गावाचे धान्य साठवत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी या लोकांनी बांध घालून पाटही खणला होता. आपल्या भागात पाऊस किती बेभरवशाचा, हे त्यांनाही कळले होते.

घरातले लहान मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, ते घराच्या जमिनीखालीच पुरत. आपल्या शरीअतीत असे नाही. पण त्या आईला आपले लेकरू घरापासून लांब न्यावेसे वाटले नसेल, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

पुढे पाऊस हटत गेला. इसवी सनापूर्वी 1000 नंतरच्या थरांत मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. शेती घटली, गुरे आणि शिकार यांवर भागवणे वाढले. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास गाव ओस पडले. कुरआनने जमिनीवर हिंडून आधीच्या कौमांचे काय झाले ते पाहण्याची ताकीद पुन्हा पुन्हा दिली आहे. त्यासाठी लांब जायला नको. इनामगाव आपल्या तालुक्यात आहे. आज शिरूर-दौंडमध्ये राहणाऱ्यांपैकी कुणालाही त्या पहिल्या शेतकऱ्यांशी आपले नाते कागदावर दाखवता येणार नाही. त्या अर्थाने आपण सगळेच नंतर आलेले.

नंतर जी गावे वसली, त्यांत पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार यांच्या जोडीला मुलाणीही होता. मशिदीची दिवाबत्ती, निकाह, मयत आणि हलाल करणे ही त्याची कामे. बदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, काही ठिकाणी इनाम जमीनही. अत्तार, तांबोळी, मणियार, बागवान, पिंजारी, शिकलगार ही आडनावे पाहा. प्रत्येक आडनावात एक धंदा आहे आणि त्या धंद्याला गावात गिऱ्हाईक होते. बांगडी भरायला मणियार आणि गादी पिंजायला पिंजारी सगळ्याच घरांना लागत असे.

शिरूर तालुक्यातच पाबळला मस्तानीची कबर आहे. ती बुंदेलखंडातून आली. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम होती. 1740 मध्ये ती गेली आणि तिला माती पाबळला मिळाली. तिचा मुलगा समशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्यात झालेल्या जखमांनी नंतर मरण पावला.

शिरूर शहर वाढले ते छावणीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची फौज इथे होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणेही बरीच वर्षे शिरूरला होते. छावणी आली की तिच्यामागे नालबंद, खाटीक, दर्जी, भिश्ती, किराणावाले येतातच. आजही जुनी माणसे शिरूरला घोडनदी म्हणतात. पण ते नाव घोडदळावरून नाही, नदीवरून आहे.

दौंड घडवले रेल्वेने. हा तालुका पूर्वी भीमथडी म्हणून ओळखला जाई. थडी म्हणजे नदीकाठ, आणि या काठची तट्टे काटकपणासाठी नावाजलेली. पुण्याहून सोलापूरकडे रूळ गेले, मग 1876-78 चा भीषण दुष्काळ पडला आणि 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. 1914 मध्ये बारामतीची छोटी गाडी आली. दौंड जंक्शन झाले. फायरमन, खलाशी, गँगमन, पॉइंट्समन म्हणून कुठकुठली माणसे आली, त्यांत आपलीही कितीतरी घराणी होती. रेल्वे क्वार्टर्समध्ये एकाच नळावर चार भाषा ऐकू येत. आता रांजणगावच्या एमआयडीसीत मराठवाड्यातून, बिहारमधून मुले येतात. त्यांना भाड्याने खोली देताना आपणही "कुठले तुम्ही?" असे जरा ताठ्यानेच विचारतो. ते आधी आपण सोडले पाहिजे.

प्यारे नबी (सल्ल.) मक्केत जन्मले आणि मदिनेत विसावले. मदिनेच्या अन्सारांनी मक्केहून आलेल्या मुहाजिरांशी भाऊबंदकी जोडली आणि घरात वाटा दिला. कुणी आधी आले, कुणी नंतर, म्हणून मदिना कुणाची कमी-जास्त झाली नाही.

मग त्या मुलाला उत्तर काय द्यायचे? आमच्या मते असे: "आलो असू. कधी आणि कशाला आलो ते मला माहीत आहे, आणि माझे पणजोबा इथल्या मातीत आहेत." पण हे म्हणायला ते खरोखर माहीत हवे. म्हणून एक काम सांगतो. घरात जो सर्वांत वयस्कर असेल, त्याच्यासमोर मुलांना वही घेऊन बसवा. पणजोबांचे नाव, त्यांचा धंदा, आधीचे गाव, पणजी कुठली, कोण कुठे दफन आहे, हे लिहून घ्या. जुना निकाहनामा, शाळेचा दाखला, सातबारा, रेल्वेचे सेवापुस्तक, मोडीतला एखादा कागद पत्र्याच्या पेटीत असेल तर बाहेर काढा, मोबाइलवर फोटो घ्या. वाळवीला आपली सनद खाऊ देऊ नका. जमले तर एका रविवारी मुलांना इनामगावला आणि पाबळला घेऊन जा. येताना कब्रस्तानात थांबून फातिहा पढा आणि कुणाची कबर कोणती, ते त्यांना बोट दाखवून सांगा.

दादी आहे तोवर विचारून घ्या. पुढच्या सुट्टीत पोराने विचारले, तर उत्तर वहीत असावे.