समुद्राकाठी चपला राखणाऱ्या बायका

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली की नांदेड-लातूरकडच्या मुस्लिम घरांतही आता कोकणात नाहीतर गोव्याला जायचे बेत होऊ लागले आहेत. माझ्या लहानपणी असं काही ऐकायला मिळत नव्हतं. तेव्हा प्रवास म्हणजे लग्न, मयत आणि जियारत. खुलताबाद, गुलबर्गा, कंधारचा उरूस, परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस. मनात फिरायला जायचं असलं तरी ओठांवर दर्ग्याचंच नाव घ्यावं लागे. आमच्या अम्मी-खालांना घराबाहेर चार दिवस मोकळा श्वास घ्यायला उरुसाइतकं हक्काचं निमित्त दुसरं नव्हतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही.

समुद्राशी तर आपला संबंधच नव्हता. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात, आणि त्या संस्थानाला किनाराच नव्हता. पुढे महाराष्ट्रात आलो, महाराष्ट्राला सातशे वीस किलोमीटरचा किनारा आहे असं भूगोलात शिकलो, पण नांदेडहून मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर दूर ती दूरच राहिली. जुन्या पिढीत ज्यांनी समुद्र पाहिला, त्यांतल्या बहुतेकांनी तो हजला जाताना पाहिला. मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करायचा, मग बोटीनं जिद्दा. १९९५ पर्यंत हज यात्रेकरूंची बोट चालू होती. समुद्र म्हणजे अल्लाहच्या घराकडे जाणारी वाट. त्यात पाय भिजवून हसायचंही असतं, हे त्या लोकांच्या मनात आलं नसेल.

आता दिवस बदलले. तपोवन, देवगिरी, नंदीग्राम या गाड्या नांदेडकरांच्या अंगवळणी पडल्या आहेत. लातूर-मुंबई गाडी २०१७ मध्ये बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते, इतकी ती गाडी त्यांची झाली होती. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंदही पडलं; खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका आलं. मोहल्ल्यातली पोरं या जागांची नावं सराईतपणे घेतात. मला याचा आनंद आहे.

काही बुजुर्गांना हे आवडत नाही. त्यांच्या मते हा इसराफ, म्हणजे उधळपट्टी. त्यांचा मान राखून मला एवढंच विचारायचं आहे, की लग्नात कर्ज काढून हजार माणसांना बिर्याणी घालताना आणि जहेजचा ट्रक भरताना हा शब्द कुठे जातो? कुरआनात पृथ्वीवर फिरा आणि पाहा असं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मुसाफिरासाठी नमाज कसर केली, म्हणजे आखूड केली. त्याला रोजा पुढे ढकलायची सवलत दिली. पैगंबर साहेबांनी प्रवासात हजरत आयेशा यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती आणि त्या जिंकल्या होत्या, हे तर हदीसच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. ज्या दीनमध्ये एवढं आहे त्याला चार दिवसांच्या सहलीचं वावडं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सहलीविरुद्ध नाही. माझं म्हणणं किनाऱ्यावर पोचल्यानंतर जे होतं त्याबद्दल आहे.

गाडी थांबते. पुरुष पँट दुमडत पाण्याकडे जातात, मुलं त्यांच्या आधी पळालेली असतात. बायका वाळूत चादर अंथरतात. चपला, मोबाइल, घड्याळं, पाकिटं, जेवणाचे डबे, झोपलेलं तान्हं पोर, सगळं त्यांच्या ताब्यात येतं. दोन तासांनी मंडळी भिजून परत येते तेव्हा टॉवेल देणाऱ्याही त्याच. निघायच्या वेळी कुणीतरी म्हणतं, चला, पाय तरी भिजवून या. मग त्या दोघी-दोघींनी जाऊन घोट्यापर्यंत उभ्या राहतात आणि परत येतात. आठ-नऊ वर्षांची पोरगी अजून भावांबरोबर लाटांत असते. तीच तेराची झाली की चादरीवर येऊन बसते. तिला कुणी बस म्हणालेलं नसतं, पण आई कुठे बसते ते तिनं पाहिलेलं असतं. हे फक्त आपल्याच घरात होतं असं नाही. मराठवाड्यातल्या हिंदू घरांतल्या साडीतल्या बायकाही पुष्कळदा शेजारच्या चादरीवर असतात. पण मी माझ्या घरचं आधी बोलणार.

का, म्हणून विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. कपडे, नजर आणि धोका.

कपड्यांचं आधी बघू. २६ ऑगस्ट २०१६ ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं हाजी अलीच्या दर्ग्यात बायकांना मजारीपर्यंत जायला केलेली बंदी बेकायदा ठरवली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायकांनी ही लढाई लढली होती आणि नोव्हेंबरमध्ये त्या आत गेल्याही. त्याच दिवशी तिकडे फ्रान्समध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं एका किनाऱ्याच्या गावानं बुर्किनीवर घातलेली बंदी स्थगित केली. एकाच दिवशी दोन देशांत न्यायाधीशांना मुस्लिम बाईच्या बाबतीत निकाल द्यावे लागले, आणि दोन्ही जागा समुद्राकाठच्या. इथे तिला आपलेच लोक म्हणत होते, तू आत येऊ नकोस. तिथे परके म्हणत होते, अंग झाकून पाण्यात उतरू नकोस. दोघांनाही तिनं कुठे उभं राहायचं ते ठरवायचं होतं.

ती बुर्किनी शिवली कुणी? अहेदा झनेट्टी या लेबनॉनहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मुस्लिम बाईनं, २००४ मध्ये, मुलींना खेळता-पोहता यावं म्हणून. पुढे ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरच्या जीवरक्षक दलात मुस्लिम मुली असा पोशाख घालून उभ्या राहिल्या. म्हणजे कपड्यांची अडचण एका बाईनं कधीच सोडवून ठेवली आहे. वॉटर पार्कमध्ये सुती सलवार-कमीज चालत नाही, कारण सुती कापड भिजून जड होतं, घसरगुंडीवर अडकतं. पण पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख बाजारात मिळतो. निघायच्या आधी तिथे फोन करून असा पोशाख चालेल का ते विचारून घ्यावं, म्हणजे दारात वाद होत नाही.

दुसरं नजर. नजर खाली ठेवण्याची आज्ञा कुरआनात सूरह नूरमध्ये आहे. तिथे ती आधी पुरुषांना केली आहे, बायकांना त्यानंतरच्या आयतीत. आपण पहिली आयत गाळून थेट दुसऱ्या आयतीवर येतो. बघणाऱ्याच्या वाईट वागण्याची शिक्षा चादरीवर बसलेल्या बाईला का?

तिसरं धोका. इथे मात्र मी सावकाश बोलते, कारण ही गोष्ट खरी आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. चौदा विद्यार्थी बुडाले. त्यांत बऱ्याच मुली होत्या. आत्तापर्यंत कितीतरी आयांनी या घटनेकडे बोट दाखवून मुलींच्या सहली रद्द केल्या आहेत. त्या आयांची भीती मला कळते. पण त्यातून मी काढते तो धडा वेगळा आहे. घरात बसवून ठेवलेली मुलगी कधी ना कधी पाण्याजवळ जाणारच, कॉलेजबरोबर, मैत्रिणींबरोबर, लग्नानंतर नवऱ्याबरोबर. तेव्हा तिला पाण्याची ओळखच नसली तर धोका वाढतो. ओहोटीचं पाणी आत ओढतं, विहिरीत पोहणाऱ्याचीही समुद्रात ताकद पुरत नाही, गुडघ्याच्या पुढे जाण्याआधी गावच्या कोळ्याला विचारायचं असतं, पावसाळ्यात उतरायचंच नसतं, हे तिला कुणी सांगायचं?

आपल्याकडे पाण्याचं नातंच विचित्र आहे. २०१६ च्याच मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. घागरी घेऊन रांगेत बायकाच होत्या. पाणी डोक्यावर वाहायला बाई चालते, पाण्यात उतरायला चालत नाही. नांदेडला तर दाराशी गोदावरी आहे. आमच्या गावाकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, त्यांच्या बहिणी काठावर कपडे धूत बसल्या. मुलांना पोहायला शिकवा असं हजरत उमर यांच्या नावानं वाझमध्ये सांगितलं जातं. मुलांना म्हणजे फक्त मुलग्यांना, असं त्यात कुठे आहे?

अडचणी सगळ्या आपल्या घरातल्याच आहेत असंही नाही. कोकणात एका ठिकाणी फोनवर आधी दोन खोल्या आहेत म्हणाले. मी नाव सांगितलं तसं पलीकडून थोडा वेळ कुणी बोललं नाही, आणि मग सगळं भरलं असल्याचं कळलं. असे अनुभव वाचकांपैकी अनेकांना असतील. त्यावर बोललंच पाहिजे. पण त्याच प्रवासात दुसऱ्या गावी एका मालवणी काकूंनी आम्हाला घरातली खोली दिली आणि फजरच्या वेळी पाणी तापवून ठेवलं, हेही सांगितलं पाहिजे.

मुलांना तर मुरूड-जंजिरा जरूर दाखवावा. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाताना मागे कोकणचा डोंगर दिसतो आणि चहूकडे खारं पाणी. किल्ल्याच्या आत मात्र गोड्या पाण्याचे तलाव. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो शेवटपर्यंत राखला. त्याच आफ्रिकेतून आलेला मलिक अंबर आपल्या खुलताबादला झोपला आहे, हे मुलांना तिथेच सांगावं. समोर शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, हेही तिथेच सांगावं. दोन्ही किल्ले एकाच होडीतून दिसतात. मुलांना त्यातला एकच आपला, असं शिकवायची गरज नाही.

उदगीरच्या माझ्या फूफीनं साठी उलटल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिला. भाच्यांनी हात धरून तिला गुडघाभर पाण्यात नेलं. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि ओरडली, "सच्चीच खारा है गे माँ!" साठ वर्षं तिनं ते नुसतं ऐकलं होतं.

करायचं काय, ते फार अवघड नाही. नांदेड असो की लातूर, ज्या जलतरण तलावात बायकांची वेगळी वेळ आणि शिकवणारी बाई असेल तिथे मुलींची नावं घालावीत. नसेल तिथे नगरसेवकाकडे अर्ज करून मागावी. मोहल्ल्यातल्या ज्या संस्था वह्या-दप्तरं वाटतात, त्यांनी एका उन्हाळ्यात दहा मुलींच्या पोहण्याची फी भरावी. शाळेची मुक्कामी सहल असेल तर नाही म्हणण्याआधी शिक्षिका सोबत आहेत का, एवढं विचारावं.

आणि पुढच्या सुट्टीत किनाऱ्यावर उतरल्यावर पहिला तास चपला पुरुषांनी राखाव्यात. तान्हं पोरही त्यांनीच घ्यावं. बायकांना पाण्यात जाऊ द्यावं, गुडघ्यापर्यंतच, पण घाईनं परत बोलावू नये.