लूत लागलेला राखणदार

‘लूत लागलेलं कुत्रं’ हे शब्द आपण शिवीसारखे वापरतो. पण लूत हा आजार आहे आणि तो बरा होतो, ही साधी गोष्ट त्या शिवीत हरवते.

पुणे, सोलापूर भागातल्या माळरानांवर धनगरांच्या वाड्यात रात्रीची राखण कुत्र्याकडे असते. लांडगा आला की पहिली चाहूल त्याला लागते. तेच कुत्रं रात्रभर खाजवत बसलं तर राखण कोण करणार? खाजेनं झोप मोडते, खाणं कमी होतं, वजन उतरतं, ते चिडकं होतं. केस झडले की ऊन आणि थंडी दोन्हींपासूनचं संरक्षण जातं. खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग होतो, पावसाळ्यात अळ्या पडतात. गोचिडांचा प्रादुर्भाव जास्त असेल तर रक्त कमी होतं, शिवाय गोचीड रक्तातले गंभीर आजारही पसरवते. म्हणजे आजार वरवर कातडीचा, पण मार त्याच्या कामावर बसतो. कामाच्या बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याला जुंपत नाही. कुत्र्याला हा न्याय का नाही?

मी माणसांचा डॉक्टर आहे. तरीही हा विषय माझ्या ओपीडीपर्यंत येतो. कुत्र्याच्या खरजेचा किडा डोळ्यांना न दिसणारा, आठ पायांचा असतो. तो कातडीत बोगदा करून अंडी घालतो. कानाच्या कडा, कोपरे, पोट अशा विरळ केसांच्या जागा त्याला आवडतात. हाच किडा कुत्र्याला उचलणाऱ्या, कुशीत घेणाऱ्या माणसाच्या हातांवर, पोटावर पुरळ उठवतो. माणसाच्या अंगावर त्याचा वंश टिकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की ही खाज बहुधा थांबते. उलट घरच्यांनी कितीही मलम लावलं आणि कुत्रं तसंच राहिलं, तर खाज पुन्हा येतेच. नायट्याची बुरशीही कुत्र्याकडून माणसाला होऊ शकते. मात्र प्रत्येक लूत संसर्गजन्य नसते. लहान पिल्लांत दिसणारा एक प्रकार माणसाला होत नाही. कोणती लूत आहे हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळतं, नुसत्या अंदाजानं नाही.

आपल्याकडे मात्र उपाय आधी होतो. गाडीचं जळकं ऑईल कुत्र्याच्या अंगाला फासतात. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. कुणी फिनेल ओततं, कुणी गुरांचं गोचीडनाशक अंदाजानं मारतं. गुरांना टोचतात ते आयव्हरमेक्टिन कुत्र्यालाही देतात, पण कोली जातीच्या आणि तिच्या संकरित कुत्र्यांत ते जिवावर बेतू शकतं. घरात उरलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं नायट्याचं मलम लावलं तर खाज दबते, बुरशी पसरते. माणसांतही हेच घडताना आम्ही रोज पाहतो.

आज खरजेवर आणि गोचिडांवर महिना ते तीन महिने टिकणाऱ्या तोंडी गोळ्या मिळतात. कुत्र्याला फेफरं येत असेल तर ते पशुवैद्यकाला आधी सांगावं. मात्र एकट्या कुत्र्यावर उपचार पुरत नाहीत. त्याच्यासोबतची सगळी कुत्री, त्यांची गोणपाटं आणि बसायच्या जागा यांचाही बंदोबस्त लागतो.

माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. खाजेचा रुग्ण आला की आम्ही डॉक्टरांनी ‘घरात कुणाला खाज आहे?’ या प्रश्नाला ‘आणि कुत्र्याला?’ एवढं जोडावं. गुरांच्या दवाखान्यात लसीकरणासाठी येणाऱ्या धनगराच्या कळपासोबत त्याचं कुत्रंही तपासलं जावं. कळपातल्या मेंढीची किंमत सगळ्यांना माहीत असते. ती मेंढी सकाळी जिवंत दिसते, त्यात कुत्र्याचाही वाटा असतो.