दावणीची गोष्ट : घोडीला घोडा कोणता दाखवावा?

शिरूर तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. पत्र दोन पानी आहे, पण मुद्दा थोडक्यात सांगता येईल. त्यांच्या दारी सात वर्षांची घोडी आहे. बैलगाड्याच्या घाटात बैलांपुढे पळवण्यासाठी घेतलेली. दोन हंगाम पळाली, आता घरीच असते. तिला फळवावी असे घरात सगळ्यांनाच वाटते. कारभाऱ्यांच्या मनात यात्रेत पाहिलेला एक उंचापुरा, पांढराशुभ्र घोडा भरला आहे. ताई लिहितात, "होणाऱ्या शिंगरावर पुढे आमचा बारा वर्षांचा मुलगा बसणार, सासरे मळ्यात जाणार, आणि वैरणपाणी तर मलाच करायचे आहे. मग घोडा काय पाहून निवडावा?"

गाय कोणत्या वळूकडून फळवावी हे विचारणारी पत्रे पुष्कळ येतात. घोडीविषयी कोणी विचारत नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला, घाट पुन्हा निर्धास्तपणे भरू लागले, आणि त्यांच्याबरोबर घोड्याही दारोदार दिसू लागल्या. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकट्या ताईंपुरते नाही.

प्रथम काळाचा हिशेब करू. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. शिंगरू पाच-सहा महिन्यांनी तोडायचे. तीन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या पाठीवर माणूस बसवू नये, आणि घरच्या पोराच्या हाती निर्धास्त सोपवण्याइतके ते शहाणे होते चौथ्या-पाचव्या वर्षी. म्हणजे आज दाखवलेल्या घोड्याचा निकाल पाच वर्षांनी लागणार. तोवर ताईंचा मुलगा सतरा वर्षांचा झालेला असेल. गायीच्या बाबतीत वळू चुकला तर वासरू दावणीला बांधून दूध तरी मिळते. इथे शिंगरू बुजरे, चावरे निघाले तर पाच वर्षांची वैरण गेली, आणि घरातल्या कोणाचा हातपाय मोडला तर त्याची भरपाई नाही. असे जनावर मग एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत राहते.

म्हणून घोडा निवडताना पहिला प्रश्न 'घोडा कसा आहे' हा नसून 'शिंगरावर बसणार कोण' हा आहे. चाबूकस्वार बसणार असेल तर तापट रक्त चालते, तो त्याचे सोने करतो. पण आपल्या घरी बसणार ती साधी माणसे. कधी चार दिवस बसतील, कधी महिनाभर बसणार नाहीत. लगाम कधी घट्ट धरतील, कधी सैल. त्यांची चूक पोटात घालणारे जनावर हवे. माथेरानला घोडे पाहा. जन्मात घोड्यावर न बसलेला प्रवासी तिथे पाठीवर बसतो, ओरडतो, लगाम वेडावाकडा ओढतो, आणि घोडा आपला खाली मान घालून लाल मातीतून चालत राहतो. त्या घोड्याच्या किमतीत उंची किती आणि स्वभाव किती, याचा विचार करावा.

परदेशातही शेतकऱ्यांनी हाच विचार केला आहे. जर्मनीत हॅनोव्हर भागात सेले गावी १७३५ साली सरकारी घोडशाळा निघाली. शेतकऱ्याच्या दारी एक-दोन घोड्या असत. चांगला घोडा पाळणे त्याला परवडत नसे, म्हणून सरकारने घोडे पाळले आणि माफक फी घेऊन शेतकऱ्यांच्या घोड्या फळवून दिल्या. ती शाळा अजून चालू आहे. तिकडे स्वारीच्या खेळांसाठी घोडे पैदा करतात आणि त्यांवर बसणारे बहुतेक हौशी लोक असतात. पैदाशीच्या घोड्याची तिथे परीक्षा होते, तीत उड्या आणि चाली पाहतातच, पण स्वभावालाही गुण असतात. शिवाय एक परका स्वार, ज्याने त्या घोड्याला पूर्वी हात लावलेला नाही, तो त्यावर बसतो आणि घोडा बसायला किती सोपा याचे गुण देतो. मला ही रीत फार पसंत आहे. मालकाच्या हाताखाली कोणताही घोडा शहाणाच दिसतो.

आता आपल्या घोडीकडे वळू, कारण अर्धे रक्त तिचे आहे, आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक वळण तिचे आहे. शिंगरू जन्मल्यापासून आईला पाहते. माणूस आला की आई कान मागे टाकते की पुढे येते, हे ते पहिल्या आठवड्यातच शिकते. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्याल्यानंतर पहिले पाच दिवस रोज थोडा वेळ त्यांनी काही घोड्यांना हळुवार खरारा केला. शिंगराला हातही लावला नाही, ते नुसते पाहत होते. ती शिंगरे पुढे माणसाला इतर शिंगरांपेक्षा कमी भ्याली. तेव्हा वैरणपाणी करणाऱ्या ताईंचा हात हा घोड्याच्या निवडीइतकाच मोलाचा आहे, हे कारभाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

घोडी खरोखरच लाथाड किंवा चावरी असेल, तर घोडा कितीही गरीब आणा, तिच्याकडून घरच्या स्वारीचे शिंगरू मागू नये. ताईंची घोडी मात्र तशी नाही. 'गलक्यात तापते, घरी शांत असते' असे त्या लिहितात. घाटात पळालेली घोडी गलका ऐकला की पळायला शिकलेलीच असते, त्यात तिचा दोष नाही. पण अशा घोडीला तापट घोडा दाखवू नये. आगीला आग लावून थंडावा मिळत नाही. तिला थंड डोक्याचा, मध्यम बांध्याचा घोडा शोधावा.

असा घोडा ओळखावा कसा? यात्रेत ओळखता येत नाही. तिथे तो दमलेला असतो, नाहीतर दहा घोड्यांच्या वासाने खवळलेला असतो. औषध देऊन गप्प केलेलाही असू शकतो. यात्रेचा उपयोग वेगळा आहे. तिथे एकाच घोड्याची चार-पाच शिंगरे भेटू शकतात. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला बाजार भरतो, नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगावी त्याच मार्गशीर्षात यात्रा असते. तिथे फिरावे, विचारपूस करावी, पत्ते लिहून आणावेत. घोडा पाहायला मात्र त्याच्या ठाणावर जावे, तेही सकाळी चंदीच्या वेळी आणि आगाऊ वर्दी न देता.

चंदी कोण घालतो ते बघा. घरची बाई किंवा म्हातारा आत जाऊन तोबरा बांधत असेल तर पुढे बोलायला हरकत नाही. एकच धट्टाकट्टा मोतद्दार काठी घेऊन आत जात असेल आणि घोडा दिवसभर अगाडी-पिछाडीने जखडलेला असेल, तर चहा पिऊन परत या. घोडी दिसली की घोडा खिंकाळणार, नाचणार, तो त्याचा धर्म आहे, त्याला दोष देऊ नये. घोडी नजरेआड गेल्यावर तो किती वेळात शांत होतो, ते पाहावे. बुजण्याचेही तसेच आहे. ट्रॅक्टर सुरू करायला सांगा, रिकामे पोते झटका. दचकणार नाही असा घोडा जगात नाही. पण दचकून एक पाऊल सरकतो, वळून पाहतो आणि पुन्हा खायला लागतो, तो आपला. पुढची दहा मिनिटे डोळे पांढरे करून गोल फिरतो, तो दुसऱ्याचा.

मग चारी पाय उचलून दाखवायला सांगा. आणि परक्या स्वाराची ती जर्मन रीत इथेही वापरा. आपल्याबरोबर घोड्यावर बसता येणारा एखादा जाणता माणूस न्या. मालक त्याला पाठीवर बसू देत नसेल, तर त्या नकारातच उत्तर मिळाले.

सगळ्यांत खरी साक्ष शिंगरांची. मालक आपल्याला सर्वांत देखणे शिंगरू दाखवील. आपण म्हणावे, तीन वर्षांच्या पुढची दाखवा, वेगवेगळ्या घोड्यांची दाखवा, आणि साध्या घरांत गेलेली दाखवा. सहा महिन्यांचे शिंगरू सगळेच गोजिरवाणे असते, त्यावरून काही कळत नाही. पाच-सहा घरी जाऊन विचारा : यावर कोण बसते? पोरे बसतात का? आणि त्या गावचा नालबंद गाठा. त्याने बापाचेही पाय उचललेले असतात आणि पोरांचेही. त्याला घोडा विकायचा नसतो, त्यामुळे तो खरे बोलतो.

अंगाचे पाहायचे ते थोडक्यात सांगतो. खूर टणक आणि सारखे असावेत, पाय सरळ, पाठ खोगीर नीट बसेल अशी, फार खोल नाही. साधी चाल लांब आणि सैल असावी. हौशी माणूस नव्वद टक्के वेळ चालीनेच जाणार, भरधाव नाही. रवाल चाल असेल तर उत्तमच, सासऱ्यांच्या कमरेला आराम.

रंगाविषयी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. नुकरा घोडा वरातीत शोभतो हे खरे, पण ज्याची कातडी गुलाबी असते त्याला आपल्या उन्हात नाकाडाला आणि डोळ्यांभोवती त्रास होतो. अबलख, पंचकल्याणी ही नावे ऐकायला गोड आहेत, पण स्वार काही रंगावर बसत नाही. भोवऱ्यांचेही तेच. गळ्यावर देवमण असला की किंमत चढते, डोळ्याखाली आसूढाळ असला की गिऱ्हाईक पाठ फिरवते. केसांच्या वळणाने कोणाचे घर बसत नाही. उलट, असा खोडीचा म्हणून मागे पडलेला गुणी घोडा कमी फीत मिळत असेल तर तो जरूर घ्यावा, मात्र शिंगरू विकायचे असेल तर बाजार अजून भोवरे मोजतो हेही लक्षात असू द्यावे.

आणि उंची. उंच घोडा लावला की शिंगरू उंच, असा सरळ हिशेब नाही. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी प्रचंड शायर घोडे आणि बुटक्या शेटलंड तट्टांचा संकर करून पाहिला. शायर घोडीच्या पोटी शेटलंडचे शिंगरू मोठे जन्मले, शेटलंड घोडीच्या पोटी शायरचे शिंगरू लहान जन्मले. पोटातली वाढ घोडीच्या अंगाप्रमाणे झाली, आणि फरक मोठेपणीही पुरता भरून आला नाही. म्हणून लहान घोडीला ताडमाड घोडा दाखवून फार काही साधत नाही. आपल्या घोडीच्या बांध्याला साजेसा, फार तर दोन-तीन बोटे उंच घोडा पुरे.

पत्रासोबतच्या फोटोत ताईंची घोडी ठेंगणी, टणक खुरांची दिसते. ती भीमथडी असण्याचा संभव आहे. भीमेच्या खोऱ्यातली ही जात. मराठ्यांच्या फौजेत ती होती, आणि पुढे धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहून तिने आपला गरीब, काटक स्वभाव टिकवला. २०२३-२४ च्या सुमारास तिची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत नोंद झाली आहे. पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी, आणि घोडी भीमथडी असेल तर घोडाही भीमथडीच पाहावा असे मी सुचवीन. जवळपास मिळाला नाही तर थंड स्वभावाचा काठेवाडी चालेल.

फी देण्यापूर्वी एक गोष्ट चुकवू नये. घोड्याची ग्लँडर्सची रक्ततपासणी अलीकडे झाल्याचा कागद मागावा. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे जातो. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, आणि रोगी जनावर कायद्याने मारून टाकावे लागते. घोड्याचा मालकही आपल्या घोडीचा कागद मागेल, तो तयार ठेवावा. कागद मागितला म्हणून रागावणाऱ्या मालकाच्या दारात घोडी नेऊच नये. फी घोडी गाभण ठरल्यावर द्यायची की शिंगरू उभे राहिल्यावर, हेही दोन ओळी लिहून, दोघांनी सही करून ठरवावे.

वेळेचे म्हणाल तर मार्गशीर्षात यात्रा पाहावी, पौष-माघ घोड्यांची ठाणी हिंडण्यात घालवावेत आणि फाल्गुन-चैत्रात घोडी दाखवावी. घोडी साधारण दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज पाच ते सात दिवस राहतो. गर्भ धरण्याची वेळ माजाच्या शेवटाकडे असते. पहिल्याच दिवशी घाईने नेऊन उपयोग नाही. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, माज उतरेपर्यंत दाखवावी. पंधरा-सोळा दिवसांनी पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी करून घ्यावी. घोडीला जुळे सहसा पेलत नाही, ते असेल तर तेव्हाच कळते. शिंगरू माघ-फाल्गुनात, कोरड्या जमिनीवर, माश्या नसताना येईल. त्या वेळी हिरवे मिळावे म्हणून विहिरीच्या कडेला दोन वाफे लसूणघास आधीच करून ठेवावा.

नर शिंगरू झाले तर एक अवघड सल्ला आहे. पैदाशीसाठीच ठेवायचे नसेल तर पशुवैद्यकाच्या हातून वेळेवर खच्ची करून घ्यावे. पुष्कळांना हे पटत नाही, घोड्याचे तेज जाते म्हणतात. पण घरच्या पोरासाठी आख्ता घोडा किंवा घोडीच बरी. पूर्ण नर सांभाळणे हे हौशी माणसाचे काम नव्हे.

घोडी विताना घरच्यांनी काय तयारी ठेवावी आणि शिंगराला पहिला चीक किती तासांत मिळाला पाहिजे, ते पुढील अंकात.